ब्रॅकमध्ये अंगठी निघाली, आता?

गॉलवेची_केतकी: काल ऑफिसात हॅलोवीनचा ब्रॅक कापला. मनुका-बेदाण्यांचा गोडसर पाव, वर लोणी. माझ्या तुकड्यात अंगठी आली आणि सगळ्यांनी टाळ्या पिटल्या, "वर्षाच्या आत लग्न!" इथे आयर्लंडमध्ये हे मनापासून मानतात का? आईला सांगावं की नको, तेच कळेना.

लिमरिकची_मावशी: खुशाल सांग गं, शुभच आहे! आता दुकानातल्या ब्रॅकमध्ये बहुतेक अंगठीच असते. पूर्वी घरी भाजायचे तेव्हा नाणं, चिंधी, काडी, वाटाणा असं सगळं पिठात घालायचे. नाणं आलं तर पैसा, चिंधी आली तर गरिबी, वाटाणा आला की यंदा लग्न नाही. काडी म्हणजे संसारात भांडणं. त्याच रात्री दोन हेझलनट चुलीपाशी शेजारी-शेजारी ठेवायचे, एक मुलीच्या नावाचं, एक मुलाच्या. दोन्ही शांत जळली तर जमलं, एखादं तडकून उडालं तर मोडलं.

हे नुसते खेळ नव्हते. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या 40 दिवसांच्या उपासात, लग्नं लागत नसत. त्यामुळे सगळी लगीनघाई त्याआधीच्या मंगळवारपर्यंत. तोवर ज्यांचं जमलं नाही, त्यांच्या पाठीवर लेंटच्या पहिल्या रविवारी चर्चच्या वाटेवर पोरं खडूने रेघा मारायची. चॉक संडेच म्हणत त्याला. आमच्या दक्षिणेकडच्या मन्स्टर प्रांतात हे बरंच चालायचं. ठेवणीतला काळा कोट घालून प्रार्थनेला निघालेली बाई आणि तिच्या पाठीवर पांढरी रेघ! मला हे फार लागतं. ही प्रथा गेली ते बरंच झालं.

कॉर्ककर: 1937 ते 1939 या काळात शाळकरी मुलांनी घरच्या-गावच्या म्हाताऱ्यांना विचारून असल्या चालीरीती वह्यांत उतरवल्या होत्या. डूखस या आयरिश लोकपरंपरेच्या संकेतस्थळावर त्या वह्या फुकट वाचता येतात. मुलांच्या अक्षरातली मूळ पानं बघाच.

डब्लिनची_सून: मानतात का विचारलंस म्हणून सांगते. माझ्या सासूबाई इथल्याच. आमच्या लग्नाच्या आदल्या रात्री त्यांनी बाळ येशूची मूर्ती, 'चाइल्ड ऑफ प्राग' म्हणतात ती, बागेत झुडपाखाली नेऊन ठेवली. लग्नात पाऊस नको म्हणून. आणि दारावरचा संत ब्रिजिडचा क्रॉस त्या दर 1 फेब्रुवारीला स्वतः लव्हाळ्याचा नवा विणतात. घराला आग लागू नये ही त्यामागची श्रद्धा. मी शेजारी बसून शिकतेय. लव्हाळे ओले असतानाच वळवावे लागतात, सुकले की मोडतात.

गॉलवेची_केतकी: मावशी, आईला फोन केला. तिचा पहिला प्रश्न, "मुलगा कोण?"