लग्नातलं उरलेलं जेवण वाटायचं बंद करून फूड बँकेनं धान्यच द्यावं, पटतंय का?

कृष्णाकाठ: दोन वर्षं सांगलीत आमच्या ग्रुपबरोबर गाडी घेऊन फिरतोय म्हणून बोलतो. मंगल कार्यालयातनं फोन येतो रात्री साडेदहाला, दीडशे माणसांचं उरलंय लवकर न्या. मग हुंगून बघायचं, पनीर-दह्याचं सोडायचं, मसालेभात पुऱ्या जिलबी भरायची आणि ऊसतोडवाल्यांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, पोचेपर्यंत पावणेबारा. ती माणसं पहाटे कोयता घेऊन फडात जाणारी, गाढ झोपलेली असतात. लेकरं उठवून जिलबी चारायची, ह्याला भूक भागवणं म्हणायचं? त्यापेक्षा तांदूळ, तूरडाळ, तेल, चटणी द्या महिन्यातनं एकदा.

मिरजेचा_तंबोरा: आणि शिजवायचं कुठं? मिरजेत दवाखान्यांबाहेर येऊन बघा, पेशंटबरोबर विजापूर-बेळगावकडनं आलेली माणसं चार-चार दिवस फुटपाथवर, ना चूल ना भांडं. तांदूळ काय चावून खायचा? शिवभोजन १० रुपयांत चांगलं, दोन चपात्या भाजी वरण भात, पण ते दुपारचं. रात्रीचं काय?

रोखठोक_आप्पा: दोघांचंबी चूक. रेशन जानेवारी २०२३ पासनं फुकट आहे, माणशी ५ किलो, सगळ्यात गरिबांच्या अंत्योदय कार्डामागं ३५. कोण उपाशी आहे हो? सगळी स्टेटसला फोटो टाकायची हौस.

कृष्णाकाठ: फोटोचं मान्य, मलाही चीड येते. पण आप्पा, कार्ड बीडला आणि माणूस इकडं आष्ट्याला ऊस तोडतोय. आता देशात कुठंही उचलता येतं म्हणाल, नियम आहे खरा, पण मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फेडणारा माणूस खाडा करून अंगठा लावायला जाणार कधी? आणि बऱ्याच घरात तेच धान्य गावाकडं म्हातारा-म्हातारी खातात, मग इथल्या तोंडांनी काय करायचं.

हळदीचं_पोतं: २०१९ च्या पुरात आमच्या गावभागात बाहेरनं चपात्यांचे ढीग आले, प्लॅस्टिकमधे घामेजून बुरशी धरली, जनावरापुढं टाकायच्या लायकीच्या राहिल्या नाहीत. पण म्हणून शिजलेलं नको असंही नाही, पहिले तीन-चार दिवस त्याच चपात्यांवर काढलेत आम्ही. घरातला चिखल निघाला, शेगडी लागली, तेव्हा पीठ हवं होतं आणि ते कोण देईना. सरसकट एकच नियम लावू नका.

मिरजेचा_तंबोरा: हेच म्हणतोय मी. अन्न वाईट नाही, फोन उशिरा येतो. शेवटची पंगत बसली की आचाऱ्याला कळतंच किती उरणार, तेव्हाच गरम गरम वेगळं काढा, तासाच्या आत मिरजेत.

कृष्णाकाठ: करून बघितलंय. आचारी तयार असतो ओ, पण घरचे झाकण काढू देत नाहीत. पै-पाहुणे जेवायचेत, आत्ताच उरलं कसं म्हणता, अपशकुन करू नका! एका मामांनी तर आमची पातेली बाहेर ठेवायला लावली.

रोखठोक_आप्पा: मामा बरोबर होते.

मिरजेचा_तंबोरा: मग कार्यालय बुक करतानाच पावतीवर लिहून घ्या. त्या दिवशी मुलीचा बाप कशालाबी हो म्हणतो.