प्लाझ्मातल्या नॅनोवायर: आधी मॉडेल की आधी प्रयोग?

सिलिकॉनवेडी:
सोन्याच्या थेंबाखाली सिलिकॉनची तार वाढते, हे बेल लॅबमध्ये वॅग्नर आणि एलिस यांनी १९६४ साली मांडलं. अशा अतिसूक्ष्म तारा म्हणजे नॅनोवायर. वायूतलं सिलिकॉन वितळलेल्या थेंबात विरघळतं आणि थेंबाला पेलेनासं झालं की खाली स्फटिक होऊन बसतं. प्लाझ्मात, म्हणजे विजेने आयनित केलेल्या वायूत, सायलेन (सिलिकॉन आणि हायड्रोजनचा वायू) इलेक्ट्रॉनच्या टकरींनीच फुटतो, त्यामुळे कमी तापमान पुरतं आणि सोन्याऐवजी २३२ अंशांना वितळणारं कथीलसुद्धा चालतं. पण थेंबापाशी मूलकं (फुटलेल्या रेणूंचे तुकडे) किती पोचतात, आयन किती, हायड्रोजन किती? मोजायला आत सळई घातली की तिथला प्लाझ्माच बदलतो. म्हणून माझं ठाम मत: आधी संगणकावर मॉडेल, मग चेंबरमधला प्रयोग. नाहीतर दाब, पॉवर आणि वायूंचं प्रमाण यांची आंधळी कोशिंबीर होते.

निर्वात_पंप:
मला हे पटत नाही. आदळलेल्या शंभर मूलकांपैकी किती चिकटतात, हा आकडा मॉडेलमध्ये बहुतेकदा बाहेरून घातलेला असतो. आमच्या फोटोतल्या तारांच्या लांबीशी जुळेपर्यंत तो फिरवला, तर त्यातून नवीन काय कळलं? शिवाय थेंब शेवटपर्यंत तेवढाच राहतो, असं बरीच वर्षं गृहीत धरलं जायचं. २००६ मध्ये आयबीएमच्या हॅनन, रॉस आणि सहकाऱ्यांनी वाढती तार इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. सोनं पृष्ठभागावरून सरकत दुसऱ्या थेंबांकडे जात होतं! लहान थेंब आटत होते, मोठे फुगत होते. हे डोळ्यांनी पाहिलं म्हणून कळलं.

सिलिकॉनवेडी:
खरंय, पण तो प्रयोग प्लाझ्माविना, जवळजवळ निर्वातात झाला. आपल्या चेंबरमध्ये तसा सूक्ष्मदर्शक लावणार कुठे?

रेणू_रेणू:
दोघांनाही एक अडचण सांगते. अणूंची हालचाल थेट सोडवायची तर एक पायरी साधारण एका फेमटोसेकंदाची. एका सेकंदाला १०^१५ पायऱ्या, आणि तार वाढायला मिनिटं लागतात. म्हणून कायनेटिक मॉन्टे कार्लो ही पद्धत वापरतात: घटनांची यादी आणि प्रत्येकीचा वेग द्यायचा. बऱ्याचदा ही यादी आपणच लिहितो, आणि जी घटना यादीत नाही ती मॉडेलमध्ये कधीच घडत नाही. सोन्याचं सरकणं यादीत नसेल, तर दहापट मोठा संगणकही ते दाखवणार नाही.

निर्वात_पंप:
नेमकं हेच म्हणत होतो.

सिलिकॉनवेडी:
यादीचा मुद्दा मान्य. पण प्रयोगातही कारणं गुंतलेली असतातच. प्लाझ्मातली मूलकं तारेच्या अंगावरही बसतात, तिथे अस्फटिक सिलिकॉनचा थर चढतो आणि तारेचा शंकू होतो. थेंब आटल्यानेही तार निमुळतीच होते. नुसत्या फोटोवरून कोणतं कारण किती, हे कसं वेगळं काढाल? मॉडेलमध्ये एक बंद करून दुसरं चालू ठेवता येतं. चिकटण्याचा आकडा एकाच दाबाच्या नमुन्यांवरून ठरवू, मग दुसऱ्या दाबाला त्याला हात लावायचा नाही.

निर्वात_पंप:
या अटीवर तयार आहे. तीन दाबांचे नमुने करतो. पहिल्याची लांबी आणि जाडी देईन, बाकी दोन्हींची नाही. तुमचे आकडे आधी इथे लिहा, मग मी फोटो टाकतो.