हबच्या पडद्यावरून ब्रिजची वाहतूक कळते का?

सेतुबंध :
नव्वदच्या दशकातील नेटवर्कांविषयी लिहिताना ‘कोपऱ्यातला हब’ या टोपणनावाच्या लेखकांनी असे ठामपणे म्हटले आहे, की हब (संगणकांच्या तारा एकत्र जोडणारी पेटी) सांभाळण्याच्या सॉफ्टवेअरवर ब्रिजच्या (नेटवर्कचे दोन भाग जोडणाऱ्या उपकरणाच्या) पोर्टचा, म्हणजे तार जोडण्याच्या जागेचा, आलेख दिसत असे, त्यावर सगळा कारभार निभावत असे, आणि आरमॉन प्रोब (तारेवरची वाहतूक मोजून नोंदवणारे उपकरण) व प्रोटोकॉल ॲनालायझर (त्या वाहतुकीची फोड करून दाखवणारे उपकरण) ही विक्रेत्यांनी गळ्यात मारलेली महागडी खेळणी होती. आठवणींच्या लेखांशी मी सहसा भांडत नाही. पण आजही आलेख याच समजुतीने वाचले जातात, म्हणून सविस्तर लिहितो.

पारदर्शक ब्रिज आपल्या पोर्टवर त्या सेगमेंटमधली (नेटवर्कच्या त्या भागातली) प्रत्येक फ्रेम (माहितीचा गठ्ठा) ऐकतो. पत्ता त्याच बाजूचा असेल तर ती टाकून देतो, पलीकडचा किंवा अनोळखी असेल तर पुढे पाठवतो. त्यामुळे पोर्टवर ‘आत आलेले’ ऑक्टेट (बाइट) मोजले की हाती येतो तो सेगमेंटवरचा भार, ब्रिज ओलांडून गेलेली वाहतूक नव्हे. १० मेगाबिटच्या इथरनेटवर ४० टक्क्यांचा आलेख पाहून ब्रिज गुदमरला असे ठरवणारे आणि त्या जोरावर नवा ब्रिज मागवणारे साहेब मी पाहिले आहेत. ब्रिजसाठी १९९१ साली आरएफसी (इंटरनेटचा तांत्रिक दस्तऐवज) १२८६ आणि १९९३ साली आरएफसी १४९३ मध्ये जी स्वतंत्र एमआयबी (उपकरणाकडून मागवता येणाऱ्या आकड्यांची यादी) आली, तिच्यात पोर्टवर आलेल्या, बाहेर पाठवलेल्या आणि गाळून टाकलेल्या फ्रेमचे वेगवेगळे काउंटर (चढते मोजणी-आकडे) आहेत. आलेल्यांपैकी किती गाळल्या हे प्रमाण काढल्याशिवाय सेगमेंटची विभागणी बरोबर झाली आहे की नाही, हे सांगताच येत नाही. हबच्या सॉफ्टवेअरला यातले काय ठाऊक असणार?

कोपऱ्यातला हब :
मी ब्रिजच्या पोर्टवरचा आकडा वाचत होतो, हे आपण परस्पर ठरवून टाकलेत. हब हा रिपीटर (आलेला संकेत बाकी सगळ्या पोर्टांवर तसाच पुढे देणारा) आहे, आणि कोणत्या पोर्टमधून किती फ्रेम आत आल्या हे व्यवस्थापनाची सोय असलेला हब मोजतो. १९९२ च्या आरएफसी १३६८ मध्ये हे काउंटर दिलेले आहेत. हबच्या ज्या पोर्टला ब्रिजची केबल जोडली आहे, तिथून आत येणारी प्रत्येक फ्रेम ही ब्रिजने पलीकडून आणलेलीच असते. अपवाद ब्रिजच्या स्वतःच्या स्पॅनिंग ट्रीच्या (नेटवर्कमध्ये फेरे होऊ नयेत म्हणून जादा मार्ग अडवणाऱ्या व्यवस्थेच्या) निरोपांचा आणि किरकोळ उत्तरांचा. दोन्ही बाजूंच्या हबवर हाच हिशेब ठेवला की दोन्ही दिशांची ओलांडलेली वाहतूक मिळते, आणि ब्रिजला एक अक्षर विचारावे लागत नाही. हे महत्त्वाचे, कारण आमच्याकडचा ब्रिज एसएनएमपीला (उपकरणांकडून आकडे मागवण्याच्या पद्धतीला) उत्तरच देत नसे.

पिंपरीच्या एका कारखान्यात ड्रॉइंग विभाग रोज दुपारी नेटवर्क मंद असल्याची ओरड करी. हबच्या त्या एका पोर्टवरून दिसले की बहुतेक फ्रेम ब्रिजपलीकडून येत होत्या, कारण ड्रॉइंगच्या फायली ठेवणारा सर्व्हर लेखा विभागाच्या सेगमेंटवर बसवलेला होता. सर्व्हर ड्रॉइंगच्या सेगमेंटवर आणला आणि ओरड थांबली. प्रोब नव्हता, ॲनालायझर नव्हता, आणि आरएफसीचे क्रमांकही कुणाला पाठ नव्हते.

सेतुबंध :
ब्रिजच्या केबलचा पोर्ट वाचण्याचा मुद्दा मान्य, जरी आपल्या मूळ लेखात त्याचा मागमूस नव्हता. तरीही ब्रिजपर्यंत पोहोचून, बफर भरल्यामुळे किंवा उशीर झाल्यामुळे आतच नष्ट झालेली फ्रेम कोणत्याही हबवर ‘ओलांडलेली’ म्हणून दिसत नाही. स्पॅनिंग ट्रीने आपला ब्रिज अडवून दुसरा मार्ग खुला केला, तर आपला पोर्ट शांत होतो आणि आपण अहवालात ‘भार कमी’ असे लिहून मोकळे होता.

खानदेशी :
आपण दोघे कोणता काउंटर वाचावा यावर भांडत आहात, पण तो किती वेळाने वाचला जातो, हे कोणीच बोलत नाही. ऑक्टेटचा ३२ बिटांचा काउंटर १० मेगाबिटची तार पूर्ण भरलेली असताना सुमारे ५७ मिनिटांत पुन्हा शून्यावर येतो, १०० मेगाबिटवर सहा मिनिटांच्याही आत. तासाला एकदा वाचणाऱ्यांचे आलेख म्हणजे शुद्ध कल्पनाविलास. दहा मिनिटांनी वाचले तरी काय होते? त्यात दहा सेकंद तार तुडुंब भरलेली असली, तर सरासरीत ती दोन टक्केसुद्धा भरत नाही. ग्राहकाचे काम मात्र त्याच दहा सेकंदांत अडते.

त्याहून वाईट म्हणजे, हे एसएनएमपीचे प्रश्नोत्तर यूडीपीवरून (पोच न घेणाऱ्या पद्धतीने) त्याच ब्रिजमधून जाते. ब्रॉडकास्टचे (सर्वांना उद्देशून सोडलेल्या फ्रेमचे) वादळ उठले की उत्तरे हरवतात आणि सॉफ्टवेअर आधीचा व नंतरचा बिंदू सरळ रेषेने जोडून टाकते. एका बँकेत शाखा ६४ किलोबिटच्या लीज्ड लाइनवर रिमोट ब्रिजने जोडल्या होत्या. संपूर्ण सकाळ ग्राहकांच्या खिडक्या बंद पडलेल्या, आणि दुपारच्या बैठकीत पडद्यावर सपाट, निर्मळ रेषा! दोष आमच्या पदरात पडला.

तारेवरची कसरत :
खानदेशी, तक्रार रास्त असली तरी ‘अधिक वेळा विचारा’ हा उपाय कागदावरच सोपा आहे. त्या लाइनपलीकडे २४ पोर्टांचे २० हब असतील, तर झाले ४८० पोर्ट. प्रत्येकाचे उत्तर १०० बाइटांचे धरले तर ४८,००० बाइट. लाइन सेकंदाला ८,००० बाइट नेते, म्हणजे सहा सेकंद. दर मिनिटाला विचारलेत, तर परतीच्या दिशेचा दहावा हिस्सा मोजणीच खाऊन टाकील. १९९१ च्या आरएफसी १२७१ मधील आरमॉनचा इतिहास गट यासाठीच आहे, की नमुने उपकरणातच साठावेत आणि आपण ते सवडीने न्यावेत. तिथे ३० सेकंद आणि ३० मिनिटे असे दोन कालावधी सुचवलेले आहेत.

कोपऱ्यातला हब :
प्रत्येक सेगमेंटला एक प्रोब कोणाच्या खिशातून लावायचा होता? आमच्या साहेबांना जादा हबचीसुद्धा मंजुरी मिळत नसे. आपण सगळे अशा थाटात लिहिता, जणू खरेदीचा कागद कधी हातात धरलाच नाही. ‘खेळणी’ हा शब्द मागे घेतो. ‘महागडी’ हा घेत नाही.

सेतुबंध :
किंमत नाकारतो कोण? पण परवडत नव्हते म्हणून गरज नव्हती, हा निष्कर्ष कसा निघतो? शिवाय कोणाचे कोणाशी बोलणे ब्रिज ओलांडते, हे आरमॉनच्या मॅट्रिक्स गटातून कळते. एकूण फ्रेमच्या आकड्यातून नाही. पिंपरीचा तो सर्व्हर कसा सापडला, हेही आपण सांगितलेले नाही.

कोपऱ्यातला हब :
त्या पोर्टची केबल काढली आणि कोण ओरडते ते ऐकले. आपल्या मॅट्रिक्सपेक्षा लवकर उत्तर मिळाले.

खानदेशी :
आणि ती केबल काढलेली असताना आपल्या सॉफ्टवेअरने तिथे शून्य दाखवले, की रेषा ओढली? माझा प्रश्न अजून तोच आहे.

तारेवरची कसरत :
हबच्या पोर्टचा काउंटर वाचला असेल तर हबने उत्तर दिले असणार, म्हणजे शून्य; ब्रिजपलीकडच्या उपकरणाचा वाचला असेल तर उत्तरच नाही, म्हणजे रेषा. प्रत्येक वाचनाबरोबर उपकरण सुरू झाल्यापासूनचा वेळही मागवा. तो मागे गेलेला दिसला तर उपकरण पुन्हा सुरू झाले आहे; तो नमुना फेकून द्या, नाहीतर काउंटर उलटला असे समजून सॉफ्टवेअर तिथे आभाळाएवढे शिखर काढील. उत्तर न आलेल्या जागा कोऱ्या सोडण्याची सोय आपल्या सॉफ्टवेअरमध्ये आहे का, ते मात्र आपणच तपासा.