मदत हवी आहे: हॅसलब्लाडची लेन्स काढली, आता परत बसत नाही (शनिवारी घरी कार्यक्रम!)

दगडफूल | बुधवार, रात्री १०:१२

मंडळी, तातडीने मदत हवी आहे.

आज दुपारी हॅसलब्लाड ५००सी/एम हा जुना फिल्म कॅमेरा घरी आला. सहा वर्षं त्यासाठी पैसे बाजूला टाकत होतो. खोक्यातून उचलला तेव्हा आधी जाणवलं ते वजन. वरचं झाकण उघडून खाली बघितलं तर अंगणातली तुळस काचेवर उमटलेली, डावं-उजवं उलटं, पण इतकी जिवंत की आईला आणि बायकोला हाका मारून बोलावलं. आई तर दहा मिनिटं मान खाली घालून नुसती बघत होती. आणि बटण दाबल्यावरचा तो आवाज! वाड्याच्या दाराचा अडसर पडावा तसा. डिजिटल कॅमेरा बारा वर्षं वापरतोय, असं काही कधी वाटलं नव्हतं.

संध्याकाळी पुसायला म्हणून लेन्स काढली आणि आता ती परत बसतच नाही. लाल खुणेला लाल खूण लावतो, जराशी फिरते आणि अडते. जोर लावायची भीती वाटते. विकणारा फोन उचलत नाही. शनिवारी नाशिकला आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे आणि फोटो याच कॅमेऱ्याने काढणार असं सगळ्यांना सांगून बसलोय. लवकर सांगा, काय करू?

कोकणकडा | बुधवार, रात्री १०:२५

लेन्स कोणती? लेन्स आणि बॉडीच्या मध्ये एक्स्टेन्शन ट्यूब (जवळचे फोटो काढायला लावतात ती नळी) वगैरे आहे का? काढल्यानंतर बॉडीचं बटण दाबलं होतंत का? हे कळल्याशिवाय कुणीच काही सांगू शकणार नाही. तोपर्यंत जोर लावू नका.

निळीशाई | बुधवार, रात्री १०:३१

पहिला फिल्म कॅमेरा म्हणून हॅसलब्लाड घ्यायला नको होता, हे माझं स्पष्ट मत. निकॉन एफ३ घ्यायचा. १९८० ते २००१, एकवीस वर्षं बनत होता, आत उजेड मोजायचं मीटर आहे, लेन्स कशीही काढा-घाला. माझा एफ३ लडाखला जाऊन आलाय, एकदाही अडला नाही. अजूनही परत करता येत असेल तर बघा.

दगडफूल | बुधवार, रात्री १०:४०

@निळीशाई, परत करायचा नाहीये. लेन्स कशी बसवायची ते विचारतोय.

@कोकणकडा, लेन्स साधीच, सोबत येते ती. ट्यूब वगैरे काही नाही. बटण आठवत नाही.

भालदार | बुधवार, रात्री १०:५८

मी दादरला स्टुडिओत एकोणीस वर्षं काम केलं. लग्नाचं काम आम्ही यशिकावर करायचो. मालकांचा हॅसलब्लाड फक्त मोठ्या पार्टीसाठी बाहेर निघायचा आणि त्याला हात लावायच्या आधी शिकवणी असायची. पहिला नियम हा: चावी भरल्याशिवाय लेन्स काढायची नाही आणि चावी भरल्याशिवाय लावायची नाही. या कॅमेऱ्याचं शटर बॉडीत नसतं, लेन्समध्ये असतं. बॉडीतला दांडा लेन्सच्या मागच्या खाचेत बसतो आणि लेन्सला चावी देतो. दोघं एकाच अवस्थेत नसतील तर दांडा आणि खाच जुळणार नाहीत.

आता नीट उत्तर द्या. लेन्स न लावता वरून डोकावलं तर काच उजळ दिसते की काळी?

दगडफूल | बुधवार, रात्री ११:०४

काळी! पार अंधार. काका, आरसा तुटला का?

भालदार | बुधवार, रात्री ११:०७

तुटला नाही. या कॅमेऱ्यात फोटो काढल्यावर आरसा वरच राहतो, चावी भरली की खाली येतो. म्हणजे लेन्स काढल्यावर तुम्ही बटण दाबलं आहे. बॉडीच्या बाहेर उजवीकडे चावी भरायचा दांडा आहे, तो एक पूर्ण फेरा, अडेपर्यंत फिरवा. अर्ध्यात सोडू नका.

शून्यप्रहर | बुधवार, रात्री ११:१५

एक प्रामाणिक प्रश्न. एका रोलमध्ये बारा फोटो, मग धुवून घ्या, मग स्कॅन करा, म्हणजे शेवटी डिजिटलच. मग सुरुवातीपासून डिजिटल का नको? आजीचा कार्यक्रम पुन्हा होणार नाही. माझ्या मते दुसरा कॅमेरा सोबत ठेवाच.

चांदणवेल | बुधवार, रात्री ११:२१

@शून्यप्रहर, दुसरा कॅमेरा न्यावा हे पटलं. "शेवटी डिजिटलच" हे नाही पटलं. सहा बाय सहा सेंटीमीटरची निगेटिव्ह हातात असते, ती नातवंडं उजेडात धरून बघतील. माझ्या सासऱ्यांच्या आईचा एकमेव चांगला फोटो अशाच एका निगेटिव्हमुळे वाचला. प्रिंट केव्हाच पुसट झाली होती.

मी गोथेनबर्गला राहते, हॅसलब्लाड कंपनीच्या गावात. माझ्याकडेही ५००सी/एम आहे आणि लेन्सचा हा घोटाळा माझ्याकडूनही झालाय. दगडफूल, चावी भरून झाली का?

दगडफूल | बुधवार, रात्री ११:३०

भरली. आरसा खाली आला, काच उजळली! पण लेन्स अजूनही बसत नाही. तिथेच अडते.

कोकणकडा | बुधवार, रात्री ११:३३

मग लेन्सचीही चावी उतरलेली आहे. लेन्स उजेडात धरा आणि आरपार बघा. चावी भरलेली असेल तर शटर उघडं असतं, पलीकडचं दिसतं. उतरली असेल तर पाती मिटलेली दिसतील. लेन्सच्या मागे हात लावला होता का?

दगडफूल | बुधवार, रात्री ११:३८

पाती मिटलेली आहेत. हो, मागे एक खाचेचा स्क्रू दिसला, सैल वाटला म्हणून स्क्रूड्रायव्हरने चाचपला. टक् असं वाजलं. हे सांगायचं राहिलं.

कोकणकडा | बुधवार, रात्री ११:४०

हेच तर मघाशी विचारत होतो. तो स्क्रू नाही. तीच ती खाच, जिथून बॉडी लेन्सला चावी देते.

भालदार | बुधवार, रात्री ११:४६

आता शांतपणे करा. मांडीवर मऊ कापड घ्या, लेन्सचा मागचा भाग वर. खाचेत नीट बसेल असा चपटा स्क्रूड्रायव्हर घ्या आणि घड्याळाच्या दिशेने फिरवा. स्प्रिंगचा जोर जाणवेल, हात सोडू नका. शेवटी कट् होऊन अडकेल आणि खाच लाल ठिपक्याकडे येईल. बॉडीतला दांडाही त्याच्या ठिपक्याकडे आहे ना, ते बघा. दोन्ही जुळले की लेन्स अलगद बसेल.

निळीशाई | बुधवार, रात्री ११:५२

स्क्रूड्रायव्हर नको! मागच्या काचेला लागला तर लेन्स गेली. रुपयाचं नाणं वापरा, मी एका मित्राच्या लेन्सवर वापरलं आहे.

भालदार | गुरुवार, रात्री १२:०१

नाणं खाचेपेक्षा जाड असतं, घसरतं आणि काचेला तेच लागतं. रुंदीला जुळणारा स्क्रूड्रायव्हर आणि स्थिर हात. काचेवर आधी कागदाचा गोल तुकडा ठेवा, म्हणजे मनाला धीर.

निळीशाई | गुरुवार, रात्री १२:०५

काका, तुमचा अनुभव मोठा, पण मी प्रत्यक्ष केलेलं सांगतोय. पातळ नाणं बसतं.

हिरवीचाफा | गुरुवार, सकाळी ७:१०

थोडं वेगळं सांगते. पावसाळ्यात जुन्या लेन्सला बुरशी लागते. चामड्याच्या केसमध्ये कॅमेरा ठेवू नका, चामडं ओल धरतं. हवाबंद डबा आणि सिलिका जेल, जेल दर महिन्याला तापवून कोरडं करायचं. माझी वरळीला एक लेन्स दोन पावसाळ्यांत गेली. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरले होते.

दगडफूल | गुरुवार, सकाळी ७:३४

बसली!!! काकांनी सांगितलं तसंच केलं. कट् झालं, पाती उघडली, लेन्स लोण्यासारखी फिरून बसली. काका, कोणत्या शब्दांत आभार मानू.

पण आता बटणच दाबलं जात नाही. काल दुपारी तर व्यवस्थित दाबलं जात होतं. आणि अ‍ॅपर्चर (उजेड आत येण्याचं भोक) फिरवलं की शटर स्पीडपण सोबत फिरतो, म्हणजे लेन्स बिघडली का?

चांदणवेल | गुरुवार, सकाळी ८:०२

दोन्ही कड्या काही न दाबता सोबत फिरतात ना? मग ती सी मालिकेतली, बहुधा प्लानार लेन्स. तिच्यात दोन्ही कड्या मुद्दाम जोडलेल्या असतात. एकदा उजेड मोजला की अ‍ॅपर्चर बदला, स्पीड आपोआप जुळतो. वेगळं फिरवायचं तर कडीवरची छोटी पट्टी दाबून धरा. १९८२ नंतरच्या सीएफ मालिकेतल्या लेन्समध्ये उलटं असतं, जोडायचं असेल तर दाबायचं. म्हणून "साधीच लेन्स" म्हटल्यावर आमची पंचाईत झाली.

कोकणकडा | गुरुवार, सकाळी ८:१५

बटणाबद्दल: मागच्या फिल्मच्या डब्यात डाव्या बाजूने एक पत्र्याची पट्टी घातलेली आहे का?

दगडफूल | गुरुवार, सकाळी ८:१९

आहे. तारेची कडी असलेली. ते डब्याचं झाकण ना?

कोकणकडा | गुरुवार, सकाळी ८:२३

तीच डार्क स्लाइड. ती आत असेल तर कॅमेरा बटण दाबूच देत नाही. चुकून कोरी फ्रेम जाऊ नये म्हणून तशी सोय आहे. आणि ती आत घातल्याशिवाय डबा निघत नाही, नाहीतर फिल्मवर उजेड पडेल.

आता माझं कोडंही सुटलं. पट्टी आत असताना बटण दाबलं जात नाही, मग काल लेन्स काढल्यावर बॉडीची चावी उतरली कशी? तुम्ही पट्टी घालून डबाही काढला होता, बरोबर?

दगडफूल | गुरुवार, सकाळी ८:३१

हो! डबा काढून मागून बघितलं होतं. दोन झडपा उघडताना दिसतात ते बघायला बटण दाबलं. आता पट्टी काढली आणि बटण दाबलं गेलं. डब्यात रोल आहे, एचपी५ (४०० ची ब्लॅक अँड व्हाइट फिल्म). विकणाऱ्यानेच भरून दिला होता.

भालदार | गुरुवार, सकाळी ८:४०

रोल आत आहे हे आत्ता सांगताय! डब्यावरचा फोटो मोजणारा काउंटर बघा किती दाखवतो. आणि यापुढे लक्षात ठेवा: बॉडीच्या बाजूला एक खिडकी, डब्याला एक खिडकी. पांढरं म्हणजे तयार, लाल म्हणजे फोटो होऊन गेलेला. दोन्हीकडे पांढरं असतानाच डबा काढा-लावा. फोटो काढला की लगेच चावी भरून ठेवा, म्हणजे हा प्रकार पुन्हा होणार नाही.

पाचूबंदर | गुरुवार, सकाळी ९:२०

अवांतर: बॉडीचा नंबर कोणत्या अक्षरांनी सुरू होतो? त्यावरून साल कळतं. व्ही, एच, पी, आय, सी, टी, यू, आर, ई, एस ही अक्षरं अनुक्रमे १ ते ९ आणि शेवटचं शून्य. व्हिक्टर हॅसलब्लाडची आद्याक्षरं आणि पुढे "पिक्चर्स". आणि हा तोच कॅमेरा जो चंद्रावर गेला!

दगडफूल | गुरुवार, सकाळी ९:२८

यूआर! म्हणजे १९७८. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा.

काउंटर ४ दाखवतोय. दुपारी मी दोनच फोटो काढले होते.

चांदणवेल | गुरुवार, सकाळी ९:४५

@पाचूबंदर, तोच नाही. १९६२ मध्ये वॉल्टर शिराने ह्यूस्टनच्या दुकानातून ५००सी विकत घेऊन मर्क्युरी यानातून नेला, तिथून सुरुवात झाली. १९६९ मध्ये चंद्रावर उतरला तो मोटरवाला, ५००ईएलवरून बनवलेला. वजन वाचवायला बॉड्या तिथेच ठेवल्या आणि फिल्मचे डबे तेवढे परत आणले. ५००सी/एम १९७० सालचा.

पाचूबंदर | गुरुवार, सकाळी ९:५१

दुरुस्तीबद्दल आभार. वाचनखूण साठवली.

शून्यप्रहर | गुरुवार, सकाळी १०:०५

कार्यक्रम घरात आहे की हॉलमध्ये? औक्षण दिव्यांच्या उजेडात असेल तर ४०० ची फिल्म पुरेल का? मी हे फिल्मला विरोध म्हणून विचारत नाही.

दगडफूल | गुरुवार, सकाळी १०:१८

घरातच, जुन्या वाड्याच्या माजघरात. ८१ दिव्यांचं औक्षण आहे आणि त्या वेळी वरचे दिवे बंद ठेवणार आहेत. मला तोच फोटो हवाय, तेवढ्यासाठी हा कॅमेरा घेतला.

भालदार | गुरुवार, सकाळी १०:४४

मग हे पहिल्या पोस्टमध्येच यायला हवं होतं. प्रश्न लेन्सपेक्षा उजेडाचा आहे. ट्रायपॉड लागेलच. एफ/२.८ ला साधारण १/१५ किंवा १/८ धरा, पण मीटरने मोजून. मोबाइलवरचं मीटर चालेल, फक्त दिव्यांवर रोखू नका, आजींच्या चेहऱ्यावर रोखा. आजींना तबकाच्या जवळ बसवा. ताट हलत असेल तेव्हा थांबा, खाली टेकवलं की घ्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: कमी स्पीडला बटण दाबून धरायचं. लवकर सोडलंत तर मागच्या झडपा मिटतात आणि फोटो अर्धवट राहतो. लेन्सचं शटर बंद झाल्याचा आवाज येऊ दे, मग बोट उचला. माझ्याकडून एकदा सप्तपदीचा फोटो असा गेला होता, मालक आठवडाभर बोलले नाहीत.

निळीशाई | गुरुवार, सकाळी ११:००

४०० ची फिल्म १६०० ची धरून काढा आणि लॅबला दोन स्टॉप पुश करायला (म्हणजे जास्त वेळ धुवायला) सांगा. एचपी५ हे सहन करते. पण मग पूर्ण रोल तसाच धुतला जाईल, आधीच्या दोन फोटोंच्या निगेटिव्ह जास्त काळ्या होतील. नवा रोल भरलात तर उत्तम. (नाण्याबद्दल काका बरोबर होते. घरी मोजून पाहिलं, जाड आहे.)

चांदणवेल | गुरुवार, सकाळी ११:१२

लेन्सच्या बाजूला व्ही, एक्स, एम अशी खूण असलेली कळ आहे. ती एक्सवर ठेवा. व्ही म्हणजे सेल्फ टायमर, जुन्या लेन्समध्ये तो अडकतो. त्याला हात लावू नका.

दगडफूल | रविवार, रात्री ९:१५

सगळ्यांना कळवतो. नवा रोल भरला, १६०० धरला. औक्षणाचे चार फोटो, तीन १/१५ ला, एक १/८ ला, बटण दाबून धरून. पुश करायचं असं वर लिहून रोल उद्या लॅबला पाठवतोय.

दिवे लावल्यावर आजीने विचारलं, "ह्यात दिसतं का काही?" ट्रायपॉड खाली केला, तिला खुर्चीवरून काचेत बघू दिलं. समोर माझी आई तबक घेऊन उभी होती. आजी म्हणाली, "सुमन उलटी दिसतेय, पण दिवे बघ किती." मग स्वतःच मान वर करून नीट बसली.

भालदार | रविवार, रात्री ९:३२

फोटो आले की इथेच टाका. निगेटिव्ह लॅबमधून मागून घ्या, पुष्कळ जण देत नाहीत.

हिरवीचाफा | रविवार, रात्री ९:४०

आजींना नमस्कार सांगा. आणि सिलिका जेल?

दगडफूल | रविवार, रात्री ९:४३

आणलं. डबापण आणला.

रानजाई | सोमवार, सकाळी ६:५०

धागा वाचून कपाटातली बाबांची यशिका काढली. शटर सुटत नाही. काय करू?

कोकणकडा | सोमवार, सकाळी ७:०२

मॉडेल कोणतं? आत रोल आहे का? सेल्फ टायमरची कळ कुठे आहे?