मदत हवी आहे : डेटिंग प्रोफाइलवर ‘साधी सुखं’ विचारलीत, तिथे तुपाची बेरी लिहू का?

सायसाखर :

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असते, पाककृतींच्या धाग्यांवर कधीतरी दोन ओळी लिहिते. आज स्वतःसाठी विचारायचं आहे.

वय ३७, मूळची कराडची, नोकरीमुळे पुण्यात. घटस्फोट होऊन चार वर्षं झाली. घरचे म्हणतात पुन्हा वधूवर मंडळात नाव घालू. पण बायोडाटा, पत्रिका, ‘अपेक्षा : अनुरूप’ हे सगळं एकदा करून झालंय, त्या वाटेने परत जायची इच्छा नाही. मैत्रिणीने हिंज हे ॲप घेऊन दिलं. माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते : तिथे सहा फोटो टाकायचे आणि तयार प्रश्नांच्या यादीतले तीन निवडून उत्तरं लिहायची. एका उत्तराला १५० अक्षरं. कुणाला तुमचा एखादा फोटो किंवा एखादं उत्तर आवडलं तर तो नेमका त्याच्यावरच चार शब्द लिहून पाठवू शकतो, म्हणजे बोलणं तिथूनच सुरू होतं. त्या यादीत एक प्रश्न आहे, ‘माय सिंपल प्लेझर्स’. माझी साधी सुखं. मला वाटलं, हा तर आपलाच प्रश्न, याचं उत्तर शोधायला लागणार नाही.

पहिल्यांदा लिहिलं : पाऊस, आल्याचा चहा आणि पुस्तक. तिन्ही खरी आहेत. पण दोन दिवस इतरांची प्रोफाइलं वाचली तर दर चौथ्या माणसाकडे पाऊस आणि चहा. मला बायोडाटातली ‘छंद : वाचन, संगीत, प्रवास’ ही ओळ आठवली. ती ओळ माझ्याही बायोडाट्यात होती, त्याच्याही होती, आणि लग्नानंतर सहा महिने आम्हा दोघांना एकमेकांबद्दल त्यापलीकडे फारसं काही माहीत नव्हतं.

मग ठरवलं की मला खरोखर ज्याची वाट बघावीशी वाटते तेच लिहायचं. लिहिलं : रविवारी घरी तूप कढवणं आणि बेरी खाणं.

तीन जणांचे निरोप आले. एकाने लिहिलं, ‘वा, अगदी घरगुती दिसतेस, माझ्या आईला अशीच सून हवी आहे.’ दुसऱ्याने विचारलं, पुरणपोळी येते का. तिसऱ्याने नुसता हात जोडल्याचं चित्र पाठवलं. वाईट कुणीच बोललं नाही. तरी मी फोन पालथा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. पूर्वी वर्तमानपत्रातल्या जाहिरातींत एक शब्द असायचा, गृहकृत्यदक्ष. मी माझं सुख सांगितलं आणि त्यांनी तो शब्द वाचला.

आता ते सुख काय आहे ते नीट सांगते, म्हणजे तुम्हाला मदत करता येईल.

आठवडाभराची साय मी स्टीलच्या डब्यात जमवते. शनिवारी रात्री चमचाभर दही घालून विरजण लावते. रविवारी सकाळी गार पाणी घालून रवीने घुसळते; मिक्सर आहे, पण रवीच्या दोरीची सवय हाताला लहानपणापासूनची. लोणी वर आलं की दोन-तीन पाण्यांतून धुवायचं आणि मंद आचेवर जाड बुडाच्या पातेल्यात ठेवायचं. आधी पांढरा फेस येतो, मग तडतड सुरू होते. लोण्यात अडकलेलं पाणी उडून जात असतं, त्याचा तो आवाज. दहा-पंधरा मिनिटं स्वयंपाकघरात दुसरं काही ऐकू येत नाही. मग फेस विरळ होतो, पातेल्याचं बूड दिसायला लागतं, वास बदलतो आणि तडतड एकदम थांबते. अगदी थांबते. त्या क्षणी गॅस बंद करायचा. अर्धं मिनिट उशीर केला तरी तूप लागतं. मी त्यात अर्धं विड्याचं पान टाकते, ते कुरकुरीत होऊन वर तरंगतं. तूप गाळलं की पातेल्यात बेरी उरते, तपकिरी, किंचित आंबूस, चिवट. ती गरम असतानाच वर चमचाभर साखर भुरभुरवायची. साखर अर्धी विरघळते, अर्धी दाताखाली येते.

ही बेरी मी ओट्याला टेकून, उभ्याने, थेट पातेल्यातून खाते.

त्या घरातही तूप मीच कढवायचे. बेरी वाटीत काढून झाकून ठेवायची, कारण ती घरात सगळ्यांना आवडायची. मला कुणी नाही म्हणालं असं नाही. कुणी विचारलं नाही आणि मीही घेतली नाही. पुण्यात भाड्याच्या खोलीत पहिल्यांदा पावकिलोभर लोणी कढवलं तेव्हा मी सवयीने बेरी वाटीत काढली, वर झाकण ठेवलं आणि मग लक्षात आलं की ती आता माझी आहे. तेव्हापासून रविवारची वाट बघते.

हे सगळं १५० अक्षरांत येणार नाही, आणि अनोळखी माणसाला पहिल्याच भेटीत सांगायचंही नाही. तर मला विचारायचंय ते असं : हे सुख माझं म्हणूनच वाचलं जाईल असं कसं लिहू? की काढून टाकू आणि पाऊस-चहा बरा? आणि इंग्रजीत लिहावं की मराठीत? इंग्रजीत ‘बेरी’ला शब्द सापडत नाही.

टेकडीवाला :

मी ४१, त्याच ॲपवर दीड वर्ष होतो. एका पुरुषाने वाचताना काय होतं ते सांगतो.

पाऊस आणि चहा वाचला की मला विचारायला काही उरत नाही. मलाही पाऊस आवडतो, पुढे काय? मीसुद्धा आधी ‘ट्रेकिंग’ लिहिलं होतं आणि कुणी काही विचारलं नाही. मग लिहिलं, ‘वेताळ टेकडीवर मोर ओरडला की थांबून तो कुठल्या बाजूला आहे ते ओळखणं.’ त्यावर एकीने विचारलं, ओळखता येतं का? मी म्हटलं, दहातनं तीनदा. तिथून सुरू झालं. आज ती माझ्यासोबत टेकडीवर येते आणि माझ्यापेक्षा बरं ओळखते.

तुमच्या ओळीबद्दल एक सुचवतो. ‘तूप कढवणं’ हे काम आहे आणि ‘बेरी खाणं’ हे सुख. तुम्ही काम आधी लिहिलंत, म्हणून वाचणाऱ्याला काम करणारी बाई दिसली. काम मागे घ्या आणि स्वतःला खाताना दाखवा. ओट्याला टेकून, उभ्याने, थेट पातेल्यातून : हे शब्द तुम्ही इथे लिहिलेत आणि प्रोफाइलवर लिहिले नाहीत. मला त्या पाच-सहा शब्दांत तुम्ही दिसलात.

दुपारची लोकल :

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नये. मी काढून टाका म्हणेन. ॲपवर माणसं एक प्रोफाइल काही सेकंदच बघतात. तूप हा शब्द आला की आपल्याकडे आई, सून, स्वयंपाक ही साखळी आपोआप सुरू होते, ती एका ओळीने तुटणार नाही. तुम्ही नोकरी करता, एकट्या राहता, तेही दिसू द्या. बेरी दुसऱ्या भेटीत सांगा. माझ्या बहिणीला हाच अनुभव आला होता. तिने रांगोळी लिहिली होती, ती काढून सायकल लिहिली, तेव्हा कुठे निरोपांचा सूर बदलला.

पितळी डबा :

अगं, लिही. मी ६१ वर्षांची आहे, मला ही ॲपं वापरायची वेळ आली नाही, पण कांदेपोह्यांचे सात कार्यक्रम झालेत माझे. प्रत्येक ठिकाणी विचारलं, स्वयंपाक येतो का. सातव्या घरीही तेच. तुला खायला काय आवडतं हे एकानेही विचारलं नाही, नवऱ्याने विचारलं ते लग्नानंतर किती वर्षांनी, आता आठवतही नाही. तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी बेरीच सांगितली असती. आमच्याकडे बेरीत थोडी कणीक भाजून गूळ घालून वड्या करायचे, आणि आजी पहिली वडी नातीच्या हातावर ठेवायची, नातवाच्या नाही. म्हणून तुझं वाचून डोळे भरून आले.

रांगोळी काढून सायकल लिहिली त्या मुलीबद्दल मला वाईट वाटलं. तिला रांगोळी आवडत असेल तर ती कुठे जाऊन सांगेल?

निळी छत्री :

एक काळजीची गोष्ट, बाकी चर्चेत राहून जाईल म्हणून आत्ताच लिहिते. रोजचं सुख लिहिताना वेळ आणि जागा लिहू नका. मी एका ॲपवर लिहिलं होतं की दर रविवारी सकाळी सात वाजता अमुक चौकातल्या टपरीवर एकटीने चहा पिते. तिसऱ्या रविवारी एक अनोळखी माणूस शेजारच्या बाकावर येऊन बसला आणि मला नावाने हाक मारली. त्याने काही केलं नाही, पण मी ती टपरी सोडली. आठ वर्षांचं माझं ठिकाण होतं ते. साधी सुखं म्हणजे आपली रोजची सवय असते, आणि सवय कळली की माणूस कुठे, कधी, एकटा सापडेल हेही कळतं. पर्वतीवर चढायला आवडतं लिहा. रोज सहा वाजता चढते हे नको. सायसाखर, तुमचं सुख घरातलं आहे म्हणून बरं, पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून काय दिसतं असला फोटो टाकू नका. इमारत ओळखता येते.

भाषेबद्दल : मी बेंगळुरूला राहते, इथे माझं प्रोफाइल इंग्रजीतच आहे, पण एक उत्तर देवनागरीत ठेवलंय. ज्याला वाचता येतं तो त्याच उत्तरावर येतो. ‘बेरी’ला इंग्रजी शब्द शोधूच नका. माहीत असलेला ओळखेल आणि माहीत नसलेला विचारेल, दोन्ही तुम्हाला हवेच आहेत.

सायसाखर :

सगळ्यांचे मनापासून आभार. दुपारची लोकल, तुमचा मुद्दा पटला नाही असं नाही, साखळी खरीच आहे. पण जो माणूस बेरीच्या ओळीवरून पुरणपोळीकडे जातो तो मला दुसऱ्या भेटीत कळण्यापेक्षा पहिल्या निरोपातच कळलेला बरा. पितळी डबा मावशी, वड्या करून बघणार आहे.

टेकडीवाला, तुमचं वाचून रात्री बसले आणि काम मागे घेतलं. आता असं झालंय :

‘कढत्या तुपाची तडतड थांबते तो क्षण. मग ओट्याला टेकून, थेट पातेल्यातून, साखर भुरभुरवलेली बेरी. कुणालाही न देता.’

शेवटचे तीन शब्द ठेवू का? मैत्रीण म्हणते, अप्पलपोटी वाटेल.

टेकडीवाला :

ठेवाच. त्या तीन शब्दांमुळे कुणाच्या आईची आठवण येणार नाही.

पितळी डबा :

ठेव गं. अप्पलपोटी तर अप्पलपोटी. इतकी वर्षं झाकून ठेवलीस ना वाटीत?

सायसाखर :

दोन आठवडे झाले, काय झालं ते सांगणं लागतं म्हणून लिहिते.

निरोप कमी आले. आधी दोन दिवसांत तीन आले होते, आता पंधरा दिवसांत चार. एकाने अजूनही विचारलं की साजूक तूप विकत देता का. त्याला खरंच तूप हवं होतं, मी माहिती दिली. एकाने स्वतःबद्दल बरंच लिहिलं आणि माझ्या उत्तराबद्दल काहीच नाही. एकीकडून चुकून आला.

चौथ्याने एवढंच विचारलं : ‘तडतड थांबते म्हणजे आत नेमकं काय होतं?’

मी त्याला पाण्याचं सगळं लिहिलं, इथे तुम्हाला लिहिलं त्याहून जास्त. फेस कसा बदलतो, वास आधी येतो की आवाज आधी थांबतो. त्याने सगळं वाचलं, कारण पुढचा प्रश्न वासाबद्दलच होता. त्याचं साधं सुख त्याच्या प्रोफाइलवर होतं : इस्त्रीवाल्याकडून आलेल्या गरम शर्टांचा गठ्ठा छातीशी धरून जिना चढणं. मी विचारलं, किती मजले? चार, आणि लिफ्ट असूनही.

त्याने त्या दिवसापासून दुधावरची साय जमवायला घेतली आहे. काल डब्याचा फोटो पाठवला, साधारण पावकिलो दिसते आहे, वर थोडी पिवळसर. पण त्याच्याकडे विरजण नाही. त्याच्या घरी दही बाहेरून येतं, आणि डब्यातल्या विकतच्या दह्याने लावू का म्हणून विचारत होता. मी म्हटलं, थांब, माझं घरचं देते.

म्हणून या आठवड्यात भेटतोय. दुपारी, चार माणसांच्या गर्दीत. निळी छत्री, जागा आणि वेळ इथे लिहीत नाही. एका छोट्या झाकणाच्या डबीत दोन चमचे विरजण नेणार आहे. उन्हात तासभर प्रवास आहे, तेवढ्यात ते आंबून जाईल का? ओल्या फडक्यात गुंडाळून न्यावं की बर्फाचा खडा सोबत ठेवावा, कुणी नेलं असेल तर सांगा.