मौजेखातर वाचलेल्या कादंबऱ्या – तुमचे अनुभव लिहा

शेवटचं_पान

परवा प्रवेशाच्या मुलाखतीत समोरच्या बाईंनी विचारलं, आवडती कादंबरी कुठली? मी लगेच सांगून टाकलं, 'पाडस'. त्यावर त्या म्हणाल्या, छान, मग त्यातून काय शिकलात? झालं, माझी बोलतीच बंद. मला आठवत काय होतं, तर अगदी सुरुवातीला ज्योडी घरची कामं टाकून झऱ्यावर जातो, काटक्यापानांची एक छोटी पाणचक्की करतो आणि ती फिरताना बघत पडून राहतो. हे मुलाखतीत काय सांगणार? "निसर्गाबद्दल आत्मीयता" असं काहीतरी पुटपुटले. त्यांनी मान डोलावली, लिहून घेतलं.

पण परत येताना पूर्ण वाटभर ती कादंबरी डोक्यात पुन्हा सुरू झाली. सहावीत असताना वाचली होती. राम पटवर्धनांनी अनुवाद केलाय, मूळ इंग्रजी आहे, गोष्ट फ्लोरिडात घडते, यातलं काहीएक तेव्हा माहीत नव्हतं. जंगल म्हणजे जंगल. बापाला साप चावतो, विष उतरवायला तो हरिणीला मारून तिचं काळीज काढून जखमेवर लावतो, आणि मागे उरतं ते तिचं पाडस. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून फेऱ्या मारल्या होत्या. सगळे शेवटाबद्दल बोलतात. मला रडू आलं ते त्याच्या खूप आधी. ज्योडीचा तो अधू मित्र आहे ना, फॉडरविंग, पाडसाला नाव काय ठेवायचं ते विचारायला ज्योडी त्याच्याकडे जातो आणि तोवर तो गेलेला असतो. मग त्याचा मोठा भाऊ सांगतो की नाव ठेवून झालंय, फ्लॅग. मरायच्या आधी ठेवून गेला. तिथे जी रडले ती रडलेच. आई विचारत होती कुणी मारलं का.

तर लिहा. परीक्षेसाठी नाही, कुणी सांगितलं म्हणून नाही, नुसतं मजा म्हणून लहान वयात काय वाचलंत आणि त्यातलं काय चिकटून राहिलंय. फक्त 'काय शिकलो' लिहू नका प्लीज. आणि पाठ्यपुस्तकात लपवून वाचल्याचं पण नको, ते सगळ्यांनीच केलंय असं गृहीत धरते.

चष्मेवाली

मस्त धागा!! गॅसवर ठेवलंय काहीतरी. नंतर येते, 'रणांगण'वर लिहायचंय.

भिंतीवरचा_कोळी

कर्ण. बास. विषय संपला.

बरं लिहितो. 'मृत्युंजय' आठवीच्या सुट्टीत. जाड पुस्तक बघूनच हुरळलो होतो की हे वाचलं म्हणजे आपण मोठे. पण दहाबारा पानांनंतर जाडीबिडी विसरलो. कधी कर्ण बोलतो, कधी कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, शेवटी कृष्ण. एकच गोष्ट प्रत्येकाच्या बाजूने ऐकायची ही भानगड मला नवीन होती. दुर्योधनाचं ऐकताना तोच बरोबर वाटायचा, ही तर कमाल. शोण सगळ्यात आवडला, कारण मीही धाकटा. मोठ्याच्या मागे मागे करणाऱ्याला कुणी बोलायला जागा देतं हेच मला फार भारी वाटलं होतं. आत्तेभाऊ अर्जुनाच्या पार्टीतला होता, त्याच्याशी सुट्टीभर अबोला. आजी म्हणायची कुरुक्षेत्र संपलं की जेवायला या.

टाचटीप

कोळीदादा, रागावू नका, पण 'मृत्युंजय' वाचून महाभारत वाचलं असं समजणारे फार भेटतात. वृषाली हे नाव मूळ महाभारतात नाही. आणि सूतपुत्राला वरणार नाही हे स्वयंवरातलं द्रौपदीचं वाक्य भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत (जुन्या पोथ्या ताडून ठरवलेलं महाभारत) मुख्य संहितेत घेतलेलं नाही, खाली पाठभेदांत गेलंय. ती आवृत्ती 1966 ला पूर्ण झाली आणि सावंतांची कादंबरी 1967 ची. म्हणजे लागोपाठच्या वर्षांत एकीकडे कर्णाचा अपमान संहितेतून बाहेर जातोय आणि दुसरीकडे त्याच अपमानांवर मराठी वाचक रडतोय. मला हे फार गमतीचं वाटतं.

भिंतीवरचा_कोळी

काका, आठवीत चिकित्सक आवृत्ती कोण वाचतं हो

टाचटीप

मी वाचली नव्हतीच, मीही रडलोच होतो. 'राधेय' वाचून पुन्हा रडलो. सांगायचा मुद्दा वेगळा होता, असो.

उंबरठा

टाचटीप काका, 'पुन्हा रडलो' हे स्क्रीनशॉट काढून ठेवलंय :)

पावसाळी_ढग

'चौघीजणी'!! कुणीच कसं लिहिलं नाही अजून. शांताबाईंचा अनुवाद. आम्ही तिघी बहिणी आणि शेजारची एक अशा चौघी जमवल्या आणि कोण कोण व्हायचं यावरून जुंपली. ज्यो सगळ्यांनाच व्हायचं होतं. बेथ कुणालाच नको, कारण पुढे काय होतं ते मोठीने आधीच सांगून टाकलेलं. शेवटी शेजारचीला बेथ केलं, ती बिचारी अजून ऐकवते.

आणि ज्योने लॉरीला नाही का म्हणावं??? मी ते प्रकरण पुन्हा पुन्हा वाचायचे, या वेळी हो म्हणेल अशा आशेने. हसू नका.

टाचटीप

मूळ लेखिका ऑलकॉटबाईंना ज्योचं लग्नच लावायचं नव्हतं. पहिला भाग 1868 ला आला आणि कुणाचं कुणाशी होणार म्हणून मुलींच्या पत्रांचा पाऊस पडला. लॉरीशी तर लावणार नाहीच म्हणून त्यांनी दुसऱ्या भागात वेगळाच नवरा आणून उभा केला.

पावसाळी_ढग

म्हणजे तो प्रोफेसर वाचकांवरचा सूड होता? आत्ता सगळं कळलं. काका, तुम्ही रोज का येत नाही इथे

मधली_सुट्टी

मी 'शाळा' नववीत असताना वाचली. जोशी पण नववीत, मी पण नववीत. वर्गात त्या शिरोडकरसारखी कोण हे ठरवायला मला फार वेळ लागला नाही. तिला माहीतच नव्हतं ती शिरोडकर आहे. अजून नसेल.

त्यात ती आणीबाणी येते ती मला कळेना. आजोबांना विचारलं तर ते सुरू झाले ते थांबेचनात, 1975 पासून धरून निवडणुकीपर्यंत आणलं, आजी मधे मधे दुरुस्त्या करत होती, दोघांचं भांडण लागलं. माझं पुस्तक राहिलं बाजूला. दुसऱ्या दिवशी आजोबांनीच ते उचललं आणि माझ्या आधी संपवलं. म्हणाले, पोरगं चांगलं आहे पण अभ्यास करत नाही. जोशीबद्दल की माझ्याबद्दल ते विचारलं नाही.

उंबरठा

अगदी अगदी. ती नंतर दुसऱ्या गावी जाते आणि कुणी कुणाला काही सांगत नाही, ते वाचून मी शाळेतल्या सगळ्यांचे पत्ते वहीत लिहून घेतले होते.

नुसताच_वाचक

स्पॉयलर द्यायच्या आधी सांगत जा रे. कालच मागवलंय

उंबरठा

2004 चं पुस्तक आहे, सिनेमा येऊन जमाना झाला!

नुसताच_वाचक

माझ्यासाठी उद्याचं आहे.

आडवा_तिडवा

'कोसला' सतराव्या वर्षी वाचू नये. कॉलेजात नुकता गेलेला, खोलीवर राहायला आलेला, त्यात हे हातात. काही महिने मी पांडुरंग सांगवीकर होतो. घरी फोनवर त्याच्यासारखं दर वाक्याला 'वगैरे'. वडिलांनी आईला विचारलं, याची तब्येत बरी आहे ना. हसून हसून वाचत होतो, मित्रांना पानंच्या पानं मोठ्याने वाचून दाखवत होतो आणि मग मनी जाते. धाकटी बहीण, देवी येऊन. मित्र म्हणाले पुढचं वाच की, तर वाचता येईना. माझी बहीण तेव्हा चौथीत. रात्री उशिरा घरी फोन केला, ती झोपली होती, उठवायला लावलं. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, दात पडला का विचारलं. ती म्हणाली तो कधीच पडला, नवीन आला. आणि ठेवून दिला फोन.

नेमाड्यांनी हे पंचविशीत लिहिलं. मी पंचविशी ओलांडून अजून बायोडाटा लिहितोय.

भिंतीवरचा_कोळी

दात पडला का 😂😂 पण समजू शकतो भावा.

शेवटचं_पान

आडवा दादा, हे वाचून आत्ता मीही भावाच्या खोलीत डोकावून आले. तो म्हणाला काय पाहिजे.

जुनाट

आमच्या वेळेला अर्नाळकर. घरात चोरून, कारण ती 'वाचण्यासारखी' पुस्तकं नव्हेत. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या त्या माणसाने, त्यामुळे संपायची भीती नाही. झुंजार आणि काळापहाड. भाड्याने आणायची, एका दिवसात परत, नाहीतर दुसऱ्या दिवसाचे पैसे. वेग आला तो तिथे. हल्लीची मुलं वेगवाचनाचे क्लास लावतात म्हणे.

एकदा आणलेल्या पुस्तकाची शेवटची पानं कुणीतरी फाडलेली. वाचनालयवाल्याला सांगितलं तर म्हणाला, मग भाडं कमी लावतो. आता भाड्याचं काय करू, खुनी कोण ते सांग. त्याने वाचलेलं नव्हतं. मग मी आणि मित्राने आपापला शेवट लिहून काढला. माझ्यात खुनी डॉक्टर, त्याच्यात नोकर. पुढे कित्येक वर्षांनी ते पुस्तक एका लग्नघरी कपाटात दिसलं. हातात घेतलं आणि परत ठेवून दिलं. माझा डॉक्टरच बरा.

मधली_सुट्टी

जुनाट आजोबा, नाव सांगा पुस्तकाचं, मी वाचून गुपचूप ठेवतो

जुनाट

आजोबा नव्हे, काका म्हण. नाव सांगणार नाही.

वाटेवरची

माझा मुलगा बारा वर्षांचा, काही म्हणजे काही वाचत नाही. चांगली चांगली पुस्तकं आणून ठेवली, धूळ खातायत. काय करावं? (धाग्याशी संबंधित नाही, सॉरी)

पावसाळी_ढग

ताई, हे वाचू नकोस असं सांगून उंच फळीवर ठेवा.

जुनाट

हेच लिहिणार होतो.

टाचटीप

त्याला जे आवडतं ते वाचू द्या, कॉमिक्स का असेना. 'चांगली' हा शब्द मात्र त्याच्यासमोर काढू नका.

वाटेवरची

फळीवर ठेवलं. म्हणाला, आई तिथे का ठेवलंस, खाली पडेल. आणि गेला खेळायला. असो.

रात्रपाळी

मी दोन कॉलच्या मधे वाचतोय हे सगळं, लवकर लिहितो. 'बनगरवाडी'. छोटीशी आहे म्हणून उचलली होती, दुसरं कारण नाही. एक पोरगेलासा मास्तर माणदेशात धनगरांच्या वस्तीवर शाळा चालवायला येतो. मी वाट बघत होतो की आता काहीतरी घडेल, भांडण, खून, प्रेम. तसं जोरकस काही घडतच नाही. मेंढरं जातात, येतात, कारभारी येऊन बसतो, कुणी मनीऑर्डर वाचून घेतं. तालीम बांधतात. आणि तरी मला ते संपू नये असं वाटत होतं. का ते तेव्हा सांगता आलं नसतं, आत्ताही धड सांगता येत नाही. दुष्काळात वस्ती रिकामी होत जाते तेव्हा वाटलं, अरे, मी सगळ्यांना नावाने ओळखतो की. कधी ओळख झाली?

कॉल आला.

आडवा_तिडवा

+१. माडगूळकरांची वाक्यंही बघ, विशेषण शोधायला लागतं.

एकटा_जीव

इथे बाकीच्यांसारखं गंभीर काही नाही. 'स्वामी' वाचली सोळाव्या वर्षी. माधवराव सोळाव्या वर्षी पेशवे झाले, तेही पानिपताच्या वर्षात, 1761 ला. मला त्या वयात घरचे गाडीची चावी देत नव्हते. हाच मुद्दा मी वडिलांसमोर मांडला. ते म्हणाले, सत्ताविसाव्या वर्षी थेऊरला काय झालं तेही वाच आणि मग ये. पुस्तक वाचलेल्या बापाशी वाद घालू नये.

रमाबाईंचे प्रसंग मात्र मी दारं लावून वाचायचो. का ते विचारू नका.

उंबरठा

विचारतोय. का?

एकटा_जीव

अरे वय होतं ते.

नुसताच_वाचक

फोनवर वाचता का तुम्ही लोक की छापील? माझे डोळे दुखतात फोनवर.

रात्रपाळी

फोन. अंधारात बायको उठत नाही. अक्षर मोठं करून घे, पार्श्वभूमी काळी कर.

पावसाळी_ढग

मी ऐकते. भांडी घासताना ऐकायचं. फक्त रडायचा प्रसंग आला की हात साबणाचे असतात, डोळे पुसता येत नाहीत.

चष्मेवाली

आले एकदाची. मधे पाहुणे, मग लाईट गेली.

'रणांगण'. बेडेकरांची, 1939 ची. एवढीशी आहे, एका बैठकीत होते. युरोपातून निघालेली बोट, बोटीवर हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू, आणि त्यात आपला चक्रधर विध्वंस आणि ती हॅर्टा. मी दहावीत, प्रेमकथा म्हणून वाचायला घेतली. मैत्रीण म्हणाली होती बोटीवरचं प्रेम आहे, भारी आहे. माझ्या डोक्यात चांदणं वगैरे. आणि इथे एकेकाच्या मागे घर राहिलेलं, पुढे कुठे जायचं ते ठाऊक नाही, जो देश घेईल तो आपला. मला खरं तर राग आला होता पुस्तकाचा. मला प्रेम पाहिजे होतं आणि हे मधे मधे सगळं जग आणत होते. हॅर्टाचा नाही, चक्रधरचा जास्त राग. इतकं कोरडं कसं राहता येतं माणसाला? मैत्रिणीशी यावर भांडले, ती म्हणे तो कोरडा नाही, घाबरलेला आहे. दोघींनी पुन्हा वाचलं. ती तिच्या मतावर ठाम, मी माझ्या. अजूनही भेटलो की तिला विचारते, काय गं, घाबरलेला का? ती म्हणते, हो, आणि तू अजून सोळा वर्षांची.

बाकी तिचं लग्न बोटीवरच्या नोकरीतल्या माणसाशी झालं, हा योगायोग. सहा महिने घरी, सहा महिने समुद्रावर.

टाचटीप

चष्मेवाली, तुमची मैत्रीण बरोबर आहे असं माझं मत.

चष्मेवाली

तिला दाखवू नका म्हणजे झालं. ती इथेच असते वेगळ्या नावाने.

उंबरठा

कोण?? सांगा ना

पावसाळी_ढग

मी नाही.

मधली_सुट्टी

मीपण नाही, मी मुलगा आहे.

शेवटचं_पान

सगळ्यांचं वाचतेय, एकेकाला उत्तर देईन, सध्या सबमिशन आहे. धारपांच्या भयकथांवर कुणीच आलं नाही अजून, रात्री वाचणारे कुठे गेले?

रात्रपाळी

धारप मी कामावर वाचत नाही. मजल्यावर एकटाच असतो.