प्लॅटिनमचे औषध आणि धातूंची भस्मे

प्लॅटिनमचे औषध कर्करोगावर चालते, तर धातूंची भस्मे का चालू नयेत, हा आपला प्रश्न वाचला. सिसप्लॅटिन या प्लॅटिनमच्या औषधात नुसता धातू नव्हे, तर रेणूची रचना काम करते: प्लॅटिनमच्या एका बाजूस दोन क्लोराइड आणि दुसऱ्या बाजूस दोन अमोनिया असतात, हेच सारखे घटक एकमेकांच्या समोरासमोर बसवले, तर औषध जवळजवळ निरुपयोगी ठरते. रक्तात क्लोराइड भरपूर असल्याने रेणू बराचसा टिकतो, पेशीत मात्र ते कमी असल्याने क्लोराइडच्या जागी पाणी येते, आणि मग प्लॅटिनम डीएनएतील शेजारशेजारच्या दोन ग्वानिनांना (डीएनए ज्या चार घटकांनी बनतो, त्यांपैकी एक) धरून डीएनएला वाकवते. हे संयुग १८४४ पासून ठाऊक होते. त्याचा पेशीविभाजनावरील परिणाम मात्र १९६५ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ बार्नेट रोझेनबर्ग यांच्या जिवाणूंवरील प्रयोगातून उजेडात आला.

निपाणीत तंबाखूच्या वखारीत आयुष्य घालवलेल्या माझ्या आत्याला तोंडाच्या कर्करोगासाठी रेडिएशनबरोबर हेच औषध दिले होते. आधी आणि नंतर सलाइन चढे, आणि प्रत्येक वेळच्या लघवीचे माप मी वहीत लिहीत असे, कारण हे औषध मूत्रपिंडाला इजा करते. पुढे तिच्या कानांत सतत आवाज येऊ लागला. तोही याच औषधाचा ज्ञात दुष्परिणाम.

सोमलातील आर्सेनिक ट्रायऑक्साइडही रक्ताच्या एका विशिष्ट कर्करोगावर खरोखर गुणकारी आहे, पण ते शुद्ध स्वरूपात, मोजून आणि हृदयाचा आलेख तपासत शिरेतून देतात. पारा किंवा शिसे असलेले भस्म सिसप्लॅटिनच्या जोडीला घेतले, तर आधीच ताण सोसणाऱ्या मूत्रपिंडावर आणखी भार पडतो. आपल्या घरी कोणी ते घेत असेल, तर कृपया आजच डॉक्टरांना सांगा.